न मागितलेली क्षमा

(कुटुंबात एकत्र वाचण्यासाठी : मत्तय १८:२१-३५, मार्क ११:२५, लूक १७:३-४, लूक २३:३३-३४)



पुनरुत्थानाच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही शहरातील पेठांमधून फिरतो. शनिवार पेठेत आपली कुटुंबे थोडीच आहेत. त्यांतील एका घरी पवित्र पाणी शिंपडून झाले, प्रार्थना झाली, चहा आला. चहा घेता घेता आम्ही विचारले, "मावशी, रविवारी तुम्ही मिस्साला असता, पण कम्युनियनला पुढे येत नाही. काही अडचण आहे का?"

मावशींनी कप खाली ठेवला. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतपत बदलून येथे देत आहोत. वडिलांच्या नावावर जुन्या वाड्यात दोन खोल्या होत्या. वाडा पाडून इमारत उभी करायचे ठरले, तेव्हा धाकट्या भावाने त्यांना सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेले. "बिल्डरला कागद लागतात, तुझा वाटा तुला नंतर देतो," असे तो म्हणाला. पाठच्या भावावर विश्वास ठेवून मावशींनी सही केली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. इमारत झाली, भाऊ नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि मावशी भाड्याच्या खोलीतच राहिल्या. विचारायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "सही तुझीच आहे ना? मग?"

"फादर," मावशी म्हणाल्या, "त्याला काहीच वाटत नाही हो. नाताळला भेटतो, हसतो, मुलांचे मार्क सांगतो. त्याने क्षमा मागितली असती तर मी केव्हाच सोडून दिले असते. तो मागतच नाही, मग मी देऊ कशी? आणि दिली नाही तर प्रभूची प्रार्थना कुठल्या तोंडाने म्हणू? कम्युनियन कुठल्या तोंडाने घेऊ?"

तेव्हा आम्हाला एक गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात याच मावशी आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही घाईत होतो. अर्धे ऐकून आम्ही म्हणालो होतो, "मावशी, क्षमा करा आणि विसरून जा." त्या काही न बोलता गेल्या. विसरणे त्यांना जमले नाही, म्हणून आपण क्षमा केलेलीच नाही असे त्या समजल्या आणि त्या रविवारपासून कम्युनियनला येईनाशा झाल्या. आमच्या एका वाक्याने दोन वर्षे एका भगिनीला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवले. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. असा काटा मनात घेऊन मिस्साला बसणारे आपल्यात आणखीही असतील. त्यांनाही तो उपयोगी पडावा.

१. शनिवारवाड्याच्या भिंतीजवळ

मावशींच्या घरून निघून आम्ही बसकडे चालू लागलो. वाटेत शनिवारवाड्याची भिंत लागते. मनात त्यांचा प्रश्न असल्यामुळे त्या दिवशी ती भिंत वेगळी दिसली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव याच वाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले. चुलते रघुनाथराव त्या वेळी वाड्यातच होते. 'काका, मला वाचवा' ही हाक पुण्यात लहान मुलांनाही ठाऊक आहे. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला असे लोक सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही. मात्र न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवले. या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त, असे शास्त्रीबुवांनी त्यांना तोंडावर सांगितले व पुणे सोडले, अशी परंपरा आहे.

निवाडा ऐकून रघुनाथरावांनी गादी सोडली नाही. कारभाऱ्यांनी त्यांना दूर केले तेव्हा त्यांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि गादीसाठी युद्ध ओढवून घेतले. १७८३ मध्ये ते वारले. शेवटी त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते ते देव जाणे.

नारायणरावांचा मुलगा बापाच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये जन्मला. तेच सवाई माधवराव. क्वार्टर गेटजवळच्या आपल्या सिटी चर्चला १७९२ मध्ये जागा मिळाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव शिवनेरीवर कैदेत असताना सवाई माधवरावांनी त्याच्याशी गुपचूप पत्रव्यवहार सुरू केला, आणि नाना फडणवीसांना कळताच तो बंद पडला, असे इतिहासकार लिहितात. बापाच्या खुनाचा ठपका ज्याच्यावर, त्याच्या मुलाशी स्नेह जोडावा असे वीस-एकवीस वर्षांच्या त्या तरुणाला वाटले.

या घराण्यात क्षमा आणि समेट झाला असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला तेथे दोन माणसे दिसली. एक रामशास्त्री, ज्यांनी पापाला पाप म्हटले आणि समोर कोण आहे हे पाहिले नाही. दुसरे सवाई माधवराव, ज्यांनी वैर पुढच्या पिढीत नेण्याऐवजी हात पुढे केला. आम्हाला वाटते की ख्रिस्ती क्षमेला या दोघांचीही गरज आहे. शास्त्रीबुवांना बाहेर काढून केलेली क्षमा खोटी ठरते, आणि पुढे केलेला हात नसेल तर नुसता निवाडा उरतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही मावशींना क्षमा सांगितली आणि शास्त्रीबुवांना दाराबाहेर उभे केले, ही आमची चूक होती.

२. शुभवर्तमान काय सांगते?

क्षमेचा विषय निघाला की आपल्याला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय सेवकाचा दाखला आठवतो. धन्याने त्याचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले आणि त्याने मात्र सोबत्याचे शंभर दिनार सोडले नाहीत. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. सहा कोटी दिवसांची मजुरी एकीकडे आणि शंभर दिवसांची दुसरीकडे!

या दाखल्यातील दोन गोष्टी आपल्या नजरेतून निसटतात. पहिली, शंभर दिवसांची मजुरी म्हणजे काही चणे-फुटाणे नव्हेत. गरिबाच्या घरची ती तीन महिन्यांची चूल आहे. तुमचे नुकसान क्षुल्लक आहे असे प्रभू म्हणत नाही. देवाने आपल्याला जे सोडले त्याच्याशी ते ताडून पाहा, एवढेच सांगतो. दुसरी गोष्ट, दाखल्यातील दोन्ही ऋणको पाया पडले, त्यांनी विनवणी केली. मावशींच्या भावाने तसे केलेले नाही. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर या दाखल्यात मिळत नाही.

लूकच्या सतराव्या अध्यायात तर प्रभू स्पष्ट अट घालतो असे वाटते : भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, त्याला पस्तावा झाला तर क्षमा कर. या वचनाच्या आधारे काही ख्रिस्ती विचारवंत म्हणतात की पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही. देवसुद्धा पाप्याला मनःपरिवर्तनाचे बोलावणे करतो, मग आपण देवापेक्षा उदार का व्हावे? जर्मनीतील लुथरन धर्मगुरू डीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात पश्चात्तापाची मागणी न करता वाटल्या जाणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले आणि तिच्यावर कडाडून टीका केली. ही टीका दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बोनहोफर यांना नाझींनी एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिली. वाईटाशी त्यांची ओळख पुस्तकी नव्हती.

दुसरीकडे मार्कच्या अकराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की तुम्ही प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. येथे अट नाही. समोरचा माणूस तेथे हजरही नाही. आपण आहोत आणि स्वर्गीय पिता आहे. आणि कालवारीवर तर सैनिक खिळे ठोकून प्रभूच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. त्यांच्यापैकी कोणीही क्षमा मागितली नव्हती. तरी प्रभूने त्यांच्यासाठी पित्याकडे क्षमा मागितली. संत स्तेफनाने दगड अंगावर पडत असताना हेच केले. त्याला मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत शौल तेथे उभा होता. स्तेफनाने प्रार्थना केली नसती तर ख्रिस्तसभेला पौल मिळाला नसता, असे संत ऑगस्टीन सांगतात. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष दगड मारले त्या बाकीच्यांचे पुढे काय झाले याविषयी प्रेषितांची कृत्ये काही सांगत नाही. स्तेफनाची प्रार्थना त्यांच्यासाठीही होती.

मग ही दोन वचने एकमेकांविरुद्ध आहेत का? आम्हाला तसे वाटत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा दूर असतानाच बाप धावत निघतो. मुलाने पाठ करून आणलेले वाक्य अजून त्याच्या ओठांवर आलेले नाही. बापाची क्षमा तयारच होती. पण मुलगा डुकरांमध्येच बसून राहिला असता तर अंगठी, पायतण आणि मेजवानी घरीच पडून राहिली असती. क्षमा देणे बापाच्या हाती आहे, घेणे मुलाच्या हाती. मार्क आपल्याला देण्याविषयी सांगतो आणि लूक देण्याघेण्याचा व्यवहार पुरा कसा होतो ते सांगतो.

३. तीन वेगळ्या गोष्टी

आपला गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकाच पिशवीत भरल्यामुळे. त्या वेगळ्या काढू या.

पहिली गोष्ट क्षमा. माझ्यावर अन्याय झाला. त्याची परतफेड दुःखाने करण्याचा, त्याचे वाईट व्हावे असे इच्छिण्याचा हक्क मी देवाच्या हाती सोडतो. यासाठी एकच माणूस पुरतो. मावशींना कचेरीत फसवून हक्कसोडपत्र करून घेतले गेले. क्षमा हेही एक हक्कसोडपत्रच आहे, पण ते आपण डोळे उघडे ठेवून, वाचून, स्वखुशीने आणि देवासमोर करतो. त्यात सूडावरचा हक्क सोडलेला असतो. खऱ्यावरचा हक्क सोडलेला नसतो.

दुसरी गोष्ट समेट. तुटलेले नाते पुन्हा जुळणे. याला दोन माणसे लागतात. अपराध्याने खरे कबूल केले नाही तर समेट होऊ शकत नाही आणि त्याचा दोष दुखावलेल्याच्या माथी येत नाही. संत पौल रोमकरांना लिहिताना फार मोजून लिहितो : शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढे, सर्वांशी शांतीने राहा. पुढचा माणूस आपल्या हाती नाही, हे पौलाला ठाऊक होते.

तिसरी गोष्ट शिक्षामाफी किंवा दावा सोडणे. ही न्यायाची बाब आहे. क्षमा केली म्हणून चोरलेली वस्तू चोराची होत नाही.

येथे कोणी विचारेल, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले ना? होय. पण हन्नाच्या वाड्यात शिपायाने प्रभूच्या तोंडात मारली तेव्हा प्रभूने त्याला सरळ विचारले की माझे चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारतोस का? त्याने उलट हात उचलला नाही आणि मारणे बरोबर आहे असेही म्हटले नाही. पौलाने करिंथकरांना आपसातील तंटे कोर्टात नेऊ नका, मंडळीतच मिटवा असे बजावले. आपणही आधी वडीलधाऱ्यांना मध्ये घालावे हे उत्तम. परंतु फिलिप्पै येथे बेकायदा फटके मारून गुपचूप सोडू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याच पौलाने स्वतः येऊन बाहेर न्यायला लावले, आणि पुढे त्याने कैसराकडे दाद मागितली.

आणखी एक बारीक मुद्दा. ज्याचा गुन्हाच नाही त्याला क्षमा कशाची करायची? 'क्षमा' हा शब्द उच्चारला की अपराध घडला हे आपण कबूल करतो. 'जाऊ दे, काही झाले नाही' ही क्षमा नव्हे, ती थाप आहे. प्रभूने क्रूसावरून सैनिकांसाठी क्षमा मागितली याचाच अर्थ ते अपराधी होते. त्यांना कळत नव्हते, हे त्याने त्यांच्या बाजूने मांडले. ज्याला आपल्या पापाचे काहीच वाटत नाही तो सुखी दिसतो, पण ज्याच्या हाताची जाणीव गेली आहे त्याला विस्तवाचा चटकाही कळत नाही. तो अधिक आजारी आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शत्रुप्रेमाचा विचार करताना फार व्यवहारी भेद केला. शत्रूचे वैर आपल्याला आवडले पाहिजे असे नाही. ते वाईटच आहे. आपण सर्वांसाठी प्रार्थना करतो तेव्हा शत्रूला तिच्यातून वगळायचे नाही आणि तो अडचणीत सापडला तर मदतीला तयार राहायचे, एवढे प्रत्येकाला बंधनकारक आहे. त्याच्याशी खास जिव्हाळ्याने वागणे हे पूर्णत्वाचे पाऊल आहे. ते सर्वांवर बंधनकारक नाही. मावशींच्या भाषेत सांगायचे तर भावाचे नाव प्रार्थनेतून गाळायचे नाही, उद्या तो ससूनमध्ये असला तर डबा न्यायचा. पण दर सणाला त्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन हसत जेवलेच पाहिजे असे नाही.

४. वसईचा संत आणि नागासाकीची टेकडी

हे सारे बोलायला ठीक, प्रत्यक्षात कोणी केले का, असे कोणी विचारील. आपल्याच मातीतील एक उदाहरण घेऊ. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलातील वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, काही काळ त्यांनी व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्याने १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने पुढे ख्रिस्ती लोकांवर हत्यार उपसले. धर्मगुरू, ब्रदर आणि प्रापंचिक मिळून सव्वीस जणांना ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेले. त्याआधी त्यांचे कान कापले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत आपले गोन्सालो होते आणि जपानी येशूसंघीय ब्रदर पॉल मिकी होते.

पॉल मिकी यांनी क्रूसावरून केलेल्या शेवटच्या प्रवचनाची हकीकत जतन झाली आहे. त्यांनी आधी सांगितले की मी कोणताही गुन्हा केलेला नाही, ख्रिस्ताची शिकवण दिली म्हणून मला मारत आहेत. त्यानंतर त्यांनी सांगितले की माझ्या मृत्यूला जबाबदार असलेल्या राजाला आणि इतर सर्वांना मी क्षमा करतो. हा क्रम ध्यानात घ्यावा : आधी खरे, मग क्षमा. हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये मेला. त्याला या सव्वीस जणांविषयी काही वाटले अशी नोंद आमच्या वाचनात नाही. क्षमा त्याच्या दारात तशीच पडून राहिली. परंतु देणाऱ्यांचे अंतःकरण मोकळे झाले होते. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद जाहीर झाले. वसईत गास येथील चर्च संत गोन्सालो यांच्या नावाने उभे आहे.

५. आपल्या काळातील दोन साक्षी

चारशे वर्षांपूर्वीचे संत आपल्याला फार उंचावर वाटतात, म्हणून जवळचे दोन प्रसंग पाहू.

१३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात मेहमेत अली आगजा याने पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपमहाशयांनी इस्पितळातून ध्वनिमुद्रित संदेशात त्याला बंधू म्हटले व क्षमा केल्याचे सांगितले. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते तुरुंगात त्याला भेटले. त्यांचे सचिव स्तानिस्लाव जिविश यांनी पुढे लिहिले की आगजाने क्षमा मागितली नाही. आपला नेम चुकला कसा, याचेच त्याला कोडे पडले होते. न मागणाऱ्याला पोपमहाशयांनी क्षमा दिली होती. पण न्यायालयाच्या कामात त्यांनी ढवळाढवळ केली नाही. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी आगजाला माफी दिली ती २००० मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षे तुरुंगात काढल्यावर. फेब्रुवारी १९८६ मध्ये हेच पोपमहाशय आपल्या पुण्यात येऊन गेले. त्या दिवशी मिस्साला गेलेले आजी-आजोबा आपल्यात असतील; त्यांनी तो प्रसंग नातवंडांना सांगावा.

दुसरा प्रसंग ओडिशातील. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले यांना मोटारीत जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारिपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. कोणी येऊन क्षमा मागेल याची त्यांनी वाट पाहिली नाही. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा आणि न्याय एकाच वेळी चालू राहिले, एकाने दुसऱ्याची वाट अडवली नाही.

६. क्षमेच्या नावाखाली काय करू नये

येथे आम्हा धर्मगुरूंनाही कान धरावे लागतील. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, क्षमा कर, असे सांगून आपण कित्येक भगिनींना पुन्हा माराच्या तोंडी दिले आहे. ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ११५३) असे सांगतो की जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास योग्य कारण आहे. मनातून वैर सोडावे; पण मार खायला परत जाणे हा क्षमेचा भाग नव्हे.

मुलांवर कोणी अत्याचार केला, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की धर्मगुरू, तर मुलाला 'क्षमा कर, कोणाला सांगू नको' म्हणणे हे पाप आहे आणि अपराध लपवणे हा कायद्याने गुन्हाही आहे. जगभर ख्रिस्तसभेकडून अशी चूक झाली. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंवर व धर्मभगिनींवर अशा तक्रारी वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले. ज्याची जखम आहे त्यानेच क्षमेची वेळ ठरवावी. ज्याला लागलेले नाही त्याने घाई करू नये. आम्ही चर्चच्या आवारात केली ती हीच घाई.

७. मग करायचे काय?

पहिले, भावना आणि इच्छा यांत फरक करा. भावाचे नाव निघताच छातीत कळ येते, रात्री झोप उडते. हे पाप नव्हे. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २८४३) मान्य करते की दुखणे थांबवणे किंवा विसरणे आपल्या हाती नाही. जे हृदय पवित्र आत्म्याच्या स्वाधीन होते त्यातील जखमेची हळूहळू करुणा होते आणि दुखावणाऱ्यासाठी प्रार्थना निघू लागते. जखम भरली तरी व्रण राहतो. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा होत्या.

दुसरे, 'मी क्षमा केली' हे शब्द तोंडातून निघत नसतील तर जबरदस्ती करू नका. क्रूसावर प्रभूने काय केले ते पाहा. त्याने सैनिकांशी बोलणे केले नाही; तो पित्याशी बोलला. आपणही एवढेच म्हणावे : पित्या, मला आज जमत नाही, तू त्याला क्षमा कर. ही प्रार्थना खरेपणाने म्हणता आली तर हक्कसोडपत्रावर सही झाली असे समजा.

तिसरे, ही सही रोज करावी लागेल. पेत्राला सांगितलेले साताच्या सत्तर वेळा म्हणजे सत्तर वेगवेगळे अपराधच असतील असे नाही. एकच अपराध सत्तर सकाळी आठवतो आणि प्रत्येक सकाळी तो नव्याने सोडावा लागतो.

चौथे, जाऊन त्याला सांगायची घाई करू नका. ज्याला आपले काही चुकले असे वाटतच नाही त्याला 'मी तुला क्षमा केली' हे वाक्य चपराकीसारखे लागते, आणि कधीकधी आपणही ते तसेच वापरतो. तो विचारील तेव्हा सांगा. दार आतून उघडे ठेवा. रस्त्यावर जाऊन कोणाला ओढून आणू नका.

पाचवे, जे खरे आहे ते खरे म्हणत राहा. दोष दाखवायचा तर मत्तय अठरामधील क्रमाने : आधी एकट्याने, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. वकिलाचा सल्ला घेणे, दावा लावणे हे क्षमेच्या आड येत नाही. एकच कसोटी ठेवा : मला माझे परत हवे आहे की त्याला रडताना पाहायचे आहे? पहिले असेल तर निःशंक जा. दुसरे असेल तर आधी देवळात येऊन बसा.

हे सारे आम्ही मावशींना पुन्हा भेटून सांगितले, आणि आधी आमच्या त्या घाईच्या वाक्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मागितलीत फादर, म्हणून तुम्हाला देणे सोपे आहे." पुढे त्यांनी विचारले, "म्हणजे वकिलाकडे गेले तरी चालेल? आणि पित्याला म्हणायचे, तूच बघ त्याच्याकडे?"

"चालेल," आम्ही म्हणालो.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी कम्युनियनच्या रांगेत मावशी उभ्या दिसल्या. भावाने अजून काही कबूल केलेले नाही. मावशींच्या प्रार्थनेत त्याचे नाव रोज असते, आणि वकिलाच्या कचेरीतील फाइलवरही आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. क्षमा, समेट आणि शिक्षामाफी यांतील फरक आपल्या घरातील एखाद्या उदाहरणाने सांगता येईल का?
२. क्षमा न मागणाऱ्या कोणाचे नाव मी माझ्या प्रार्थनेतून गाळले आहे?
३. दुखावलेल्या कोणाला मी 'जाऊ दे, विसरून जा' असे घाईने सांगितले आहे का? त्याला आता काय सांगावे?
४. माझ्याकडून दुखावलेला कोणी, मी अजून क्षमा मागितली नाही म्हणून वाट पाहत असेल का?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, ज्यांनी आम्हाला दुखावले आणि ज्यांना त्याचे काहीच वाटत नाही, त्यांना आम्ही तुझ्या हाती देतो. सूडाचा हक्क आम्ही सोडतो. खरे बोलण्याचे धैर्य तू आम्हाला दे. आम्हाला जमत नाही तेथे तुझ्या पुत्राची क्रूसावरील प्रार्थना आमची होऊ दे. त्यांचे डोळे उघड, आमच्या जखमा बऱ्या कर आणि तुझ्या मेजाभोवती एक दिवस आम्हा सर्वांना एकत्र बसव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.